शेंड्याची गाठ

शिडाचं जहाज म्हटलं की आमच्या सोसायटीतले लोक लगेच हळवे होतात. वारा काय, मोकळेपणा काय, क्षितिज काय! भिंतीवर चित्रं लावतात, पांढरं शीड आणि निळंशार पाणी. मला विचारतात, "काका, तुम्ही तर खरोखर होतात ना त्याच्यावर? वर काठीवर चढायचात? कसं वाटायचं हो?" मी सांगतो, मुतायला व्हायचं. ते हसतात. त्यांना वाटतं, म्हातारा गंमत करतोय. गंमत कसली डोंबलाची! वर गेलं की भीतीनं खरंच लागायची, काम संपल्याशिवाय खाली उतरायची परवानगी नसायची, मग ती तिथल्या तिथे पायांवरून ओघळायची. आणि खालून बापूस ओरडायचा, "काठी धुतोस काय रं?" सगळे हसायचे. हसावंच लागायचं, कारण हसवणारा बापूस होता.

बापूस म्हणजे माझा सख्खा बाप. तळवलीचा आगरी, गलबताचा मालक, आणि तांडेलही तोच. जहाजावर पहिला शब्द त्याचा आणि शेवटचाही त्याचाच. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांची धुराडी उभी राहत होती, दुसऱ्या अंगाला आमची मिठागरं आणि खाडी. भरती असली तरच गलबत खाडीत आत यायचं. जाताना मीठ भरून न्यायचो, येताना दक्षिणेकडून कौलं आणायचो. गलबतावर आम्ही पाच जण. बापूस, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, मी, आणि दोन खलाशी. खलाशी बापसासमोर जांभई द्यायलाही घाबरत.

मी तेव्हा मिशी फुटलेला बाप्या होतो, दादा लग्न झालेला. तरी आम्हा दोघांना तो ज्या शिव्या घालायचा त्या मी बैलालाही घालणार नाही.

आता काम काय असायचं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गलबताला एक जाड डोलकाठी असते. तिच्या शेंड्याला एक लाकडी कप्पी दोरानं जखडून बांधलेली असते. त्या कप्पीतून शीड वर ओढायचा दोर जातो. म्हणजे शीड, त्याचं लांबलचक आडवं लाकूड, त्यात भरलेला वारा, सगळा भार अखेर त्या एका बांधणीवर. आम्ही तिला शेंड्याची गाठ म्हणायचो. ती सुटली तर वरचं सगळं खालच्यांच्या डोक्यावर. म्हणून तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. ऊन, मीठ, घासणं, याने काथ्याचा दोर झिजायचा. मग भर समुद्रात कुणाला तरी वर चढावं लागायचं. शिडी वगैरे काही नाही. ताणलेला दोर पायाच्या अंगठ्यात पकडायचा आणि सरकत जायचं. खाली गलबत जरासं डुललं की वर शेंडा भलताच झोका घेतो. एका हातानं काठीला मिठी, दुसऱ्या हातानं काम. कप्पीला चरबी चोपडायची, दोर चाचपायचे, सुटलेले पीळ आवळायचे, गाठ बदलायची.

या गाठीचे दोन नियम होते, बापसाच्या बापापासून चालत आलेले. पहिला नियम, तेल पाजल्याशिवाय दोर वर जाणार नाही. तेल म्हणजे मुशी माशाच्या काळजाचं. त्याचा वास एकदा हाताला लागला की बायको महिनाभर जवळ घेत नाही. पण काथ्या ते तेल पितो, फुगतो, आणि गाठ अशी चावून बसते की सुरीशिवाय सुटत नाही. नियम खोटा नव्हता. दुसरा नियम, ज्यानं गाठ बांधली त्यानंच आधी तिला लोंबकळायचं. काठीवरचे पाय सोडायचे, दोन्ही हातांनी कप्पीच्या बांधाला धरायचं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अधांतरी राहायचं. खालून तांडेल "बस" म्हणेपर्यंत. आपल्या जिवाचं वजन आधी, शिडाचं मागाहून. गाठ आळसानं बांधलेली असेल तर बांधणाराच पडेल, दुसरा नाही. वाईट नाही, न्यायाचंच आहे म्हणा.

पण "बस" कधी म्हणायचं हे बापसाच्या हातात होतं. आणि तिथे त्याची मजा होती.

माझ्या पहिल्या गाठीच्या वेळी मी लोंबकळलो, आणि त्यानं कनवटीची तंबाखू काढली. सावकाश चुना लावला. मळली. थापटली. चिमूट ओठात ठेवली. समुद्रात एक पिंक टाकली. माझे तळवे सोलून निघत होते, खांदे निखळतायत असं वाटत होतं. मी ओरडलो, "बाबा, बोल ना!" तो खलाशाला विचारतो, "आज वार कंचा रं?" खलाशी म्हणाला, मंगळवार. "मंगलवार," बापूस म्हणाला, मान हलवली, आणि मग म्हणाला, "बस." खाली आल्यावर मी रडलो. दादानं माझ्या हातांना खोबरेल लावलं आणि कानात म्हणाला, "ह्याच्यातून सुटलं पायजे. मी पयला सुटतो, मग तुला काढतो."

दादाला समुद्र आवडत नव्हता. त्याला गाठी बांधता यायच्या, माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगल्या, पण जीव नव्हता त्यात. त्याचा जीव रबाळ्याच्या कारखान्यांत अडकलेला. आमची जमीन सरकारनं घेतली होती आणि घरटी एकाला कारखान्यात लावून घेणार होते. दादा जाऊन आला. तिथल्या साहेबानं त्याचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, मूठ आवळून बघ म्हणाला, एक जड लोखंड उचलायला लावलं. "दिवाळी झाली की ये," म्हणाला. दादा घरी आला तो हात पुढे धरूनच, जसं काही हातांवर काही ठेवलंय. वहिनीला दाखवले. तिच्या माहेरी पगार म्हणजे काय ते कुणाला माहीत नव्हतं. तिनं त्या हातांना कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं.

बापसाला जेवताना सांगितलं. त्यानं भात संपवला, ताटात हात धुतले, म्हणाला, "येक खेप मार. मंग जा." एवढंच. आम्हाला वाटलं, सुटलो. आम्ही गाढव!

पावसात गलबत किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा दादा पावणे गावातल्या एका शेडमध्ये रोजावर जायचा. तिथे प्लास्टिकचे दोर वळायचे. नारळी पुनवेनंतर खेप निघाली तेव्हा त्यानं तिथून एक हिरव्या दोराचं वेटोळं आणलं. चकचकीत, साबणासारखा गुळगुळीत. बापसासमोर ठेवून म्हणाला, "बाबा, हा कुजत नाय. शेंड्याला येकदा बांधला का बघायला नको. मी नसलो तरी ह्याला सारखं वर चढायला लागनार नाय." ह्याला म्हणजे मला. नोकरीला जायच्या आधी त्याला माझी सोय करून जायचं होतं. आजही तो हिरवा रंग कुठे बघितला, कुणाच्या बाल्कनीत कपडे वाळत घातलेले असले, तरी माझं डोकं फिरतं.

बापसानं वेटोळ्याला पायानं ढोसलं. "तू नसशील तवा माजी गाठ कुजंल, असा बोलतोस काय?"

"तसा नाय, बाबा."

"मंग कसा?"

त्या खेपेला त्यानं दादाला खाली बसू दिलं नाही. कप्पी करकरली, दादा वर. कप्पी करकरली नाही, तरी दादा वर, का करकरत नाही ते बघायला. जेवायला बसला की हाक. एकदा तो भर उन्हात वर असताना बापसानं चढाउतरायचा दोरच खालून सोडवून घेतला, गुंडाळून त्यावर बसला, आणि बिडी ओढत राहिला. "सायब झाल्यावर खुर्चीतच बसनार हायस ना? आता जरा हवा खा." दादा दुपारभर काठीला मिठी मारून राहिला. उतरला तेव्हा ओठ फुटलेले होते, आणि तरी हसून मला म्हणाला, "दिवाळी येतेय रं." मला तेव्हा बापसाला पाण्यात ढकलावंसं वाटलं. खरंच वाटलं. ढकलला नाही, कारण त्याच्याशिवाय गलबत कुणाला हाकता येत नव्हतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दाभोळच्या बाहेर आलो तेव्हा शेंड्याच्या गाठीचे पीळ सुटलेले दिसले. खालूनही दिसत होते, काथ्याच्या दाढ्या लोंबत होत्या. शीड उतरवलं, खाली गोळा करून ठेवलं. बापूस म्हणाला, "काढ तुजा कंपनीचा दोर. बगू दे तुजी कंपनी." दादानं खुशीत वेटोळं आणलं. त्याला वाटलं, बाप निवला. तेवढ्यात बापसानं तेलाचा डबा पुढे सरकवला.

"बाबा, ह्याला तेल लागत नाय," दादा म्हणाला. "तिकडं सगली सांगतात, तेलानं गाठ सरकते. हा तेल पीत नाय ना. वरच राहतं."

"तेल पाजल्याबिगर दोर वर जात नाय."

"पन बाबा..."

"गलबत कोनाचं हाय?"

मग त्यानं स्वतःच हात डब्यात बुडवले आणि तो हिरवा दोर इंच इंच चोळला. काथ्या चोळतात तसा, मनापासून. तेल दोरात शिरत नव्हतं, त्याच्या कोपरांवरून ठिबकत होतं, तरी चोळत होता. नंतर लोक म्हणायचे, चूक झाली, म्हाताऱ्याला नवा दोर ठाऊक नव्हता. अर्धं खरं आहे. त्याचा बाप कोरड्या दोरामुळे एक माणूस गमावून आला होता, आणि बिनतेलाचा दोर बापसाला खरोखर भुतासारखा वाटायचा. पण उरलेलं अर्धं? ती खुन्नस होती. मुलगा त्याच्या गलबतावर, खलाशांसमोर, त्याला नियम शिकवत होता. मी तिथे उभा होतो, मी त्याचं तोंड पाहिलंय. मला कुणी सांगू नये.

दादा चढला. जुनी गाठ कापून टाकली, कप्पी नव्या दोरानं जखडली. गाठ तीच, काथ्याची, कारण दुसरी आम्हाला येतच नव्हती. पण त्यानं नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त घेतले. खालून मला त्याचे हात दिसत होते, पुन्हा पुन्हा आवळत होते, लुंगीला पुसत होते, पुन्हा आवळत होते. मग त्यानं खाली बघितलं. बापसानं हनुवटीनं खूण केली. दादानं दोन्ही हात बांधाला घातले आणि पाय सोडले.

गाठीनं भार धरला. बापसानं तंबाखू काढली.

त्याच्या तळव्यावर चुना लागला असेल नसेल, वर कप्पी अर्धवट फिरली. दोर सर्रकन सरकला, शेंड्याखालच्या लाकडी खुंटीपर्यंत आला आणि तिथे अडकून आवळला. दादाचा उजवा हात दोर आणि लाकूड यांच्या मध्ये. आणि त्या हाताला तो सबंध लटकलेला. तो असा ओरडला की खलाशी खाली बसले. बापसानं मान वर केली नाही. तंबाखू मळत म्हणाला, "अजून बस बोललो नाय मी."

मग शिडावर टपटप झालं. पांढऱ्या कापडावर लाल. तेव्हा त्यानं वर पाहिलं. आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा, "शीड बाजूला वढा रं, डाग जानार नाय."

मी चढलो. कसा चढलो ते आठवत नाही. खालून खांद्यावर त्याचे पाय घेतले, त्याचं वजन उचलून धरलं, तेव्हा दोर ढिला पडला आणि हात निघाला. निघाला म्हणजे अंगठा आणि करंगळी निघाली. मधली तीन बोटं होती, पण ती बोटं राहिली नव्हती. त्याला कमरेला दोर बांधून उतरवला. बापसानं तो हात धरला, उलटासुलटा करून पाहिला. अगदी रबाळ्याच्या साहेबानं पाहिला तसाच. हळदीची पूड दाबली, फडकं आवळलं. दादा कण्हत होता. बापूस म्हणाला, "रडतोस काय? दोन हात दिल्यात ना देवानं. येक गेला तर दुसरा कशाला हाय?"

मी म्हणालो, दाभोळला आत घे, खाडीचं तोंड समोर दिसतंय, तिथे डॉक्टर असेल. दादाला हवी असलेली एकच गोष्ट या जगात होती, आणि ती त्या फडक्यात होती. अजून काही वाचलं असतं का, मला ठाऊक नाही, पण वेळेवर गेलो असतो तर निदान कळलं असतं. मी बापसाच्या पाया पडलो. आयुष्यात एकदाच. तो म्हणाला, "वारा चांगला लागलाय. रत्नागिरीला बगू." आणि काथ्याचा दोर माझ्यापुढे टाकला. "वर जा. बांध."

तेल पाजलेला काथ्या घेऊन मी गेलो. दादाचं रक्त लाकडाला चिकटलेलं होतं, त्यावरच बांधलं. मग पाय सोडले. त्या दिवशी पाय सुटायच्या आत खालून आवाज आला, "बस." त्याच्याकडून माफी म्हणून जे काही निघालं ते एवढंच, आणि तेही मला, दादाला नाही.

रत्नागिरीत तीन बोटं कापली.

दिवाळी झाल्यावर दादा रबाळ्याला गेला. मी सोबत होतो. हाताला स्वच्छ रुमाल बांधलेला, वहिनीनं इस्त्रीवाल्याकडून आणलेला शर्ट. साहेब वाईट नव्हता. रुमाल सोडायला लावला, बघितलं, नजर वळवली. "मशीनवर कसं जमणार बाबा?" म्हणाला. मग विचारलं, "घरात दुसरा कोणी आहे का?" दादानं वळून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "हाय. ह्याचे हात चांगले हायत." मी हात पुढे केले. केले म्हणजे काय, करणारच. घरटी एक नोकरी, ती काय खाडीत फेकायची होती? निवृत्त होईपर्यंत केली मी ती. पगाराच्या पहिल्या दिवशी दादानंच पेढे वाटले. पहिला मी सुटतो, मग तुला काढतो, असं म्हणाला होता. काढलं त्यानं मला. स्वतः राहिला.

बापसानं त्याला गलबतावर चुलीपाशी बसवला. भात शिजवायला. "ए थोट्या" अशी हाक मारायचा, मुलगा म्हणून नाही, नावानं तर नाहीच. "ए थोट्या, पानी आन." दादा आणायचा. मग हळूहळू ट्रक आले, कौलं रस्त्यानं जाऊ लागली, मिठागरांवर भराव पडला. ऐंशी साल उलटल्यावर गलबत फोडून लाकडं विकली. डोलकाठी विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती आमच्या अंगणात पडून होती, पोरं तिच्यावर बसून गोट्या खेळायची.

त्याच सुमारास बापसाला लकवा मारला. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं, उजवा हात लाकडासारखा. डावा हात मात्र ठीक होता. पण डाव्या हातानं जेवायचं नाही, हा त्याचा आणखी एक नियम. डावा हात कशासाठी असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यानं अन्नाला शिवायचं नाही. उपाशी मरेन, म्हणाला, पण डाव्यानं खाणार नाही. वहिनी म्हणाली, मी चमच्यानं भरवते. दादा म्हणाला, "नको. मी भरवतो. थोरला हाय मी."

गावात त्याचं केवढं कौतुक! बापानं एवढं केलं तरी मुलगा बघा, दोन्ही वेळा स्वतः घास भरवतो. मुलगा असावा तर असा. बाया आपल्या पोरांना उदाहरण द्यायच्या. मीही आधी तसंच समजलो. सुट्टीच्या दिवशी रबाळ्याहून गेलो आणि बसून पाहिलं, तेव्हा समजलं.

दादा उजव्या हातानं भरवत होता. अंगठा आणि करंगळी, मध्ये नुसते हाडाचे गुळगुळीत उंचवटे. त्यात भात राहतो कुठे? अर्धा घास बापसाच्या छातीवर, गळ्यावर, दाढीच्या खुंटांत. दादाला घाई नव्हती. सावकाश कालवायचा, सावकाश उचलायचा. तो हात बापसाच्या तोंडासमोर आणायचा आणि तिथेच जरा वेळ धरून ठेवायचा, बापसानं नीट बघेपर्यंत. बापूस डोळे मिटायचा. दादा थांबायचा. डोळे उघडल्याशिवाय घास पुढे जायचा नाही. मग तोंड उघडायचं, आणि ती हाडं ओठांवर. डावा हात, धडधाकट, पाची बोटांचा, त्याच्या मांडीवर पडून होता.

मी त्याला थांबवू शकलो असतो. मला बघायचं होतं.

असं किती दिवस चाललं मोजले नाहीत मी. एका दुपारी बापूस रडायला लागला. लकव्यानं त्याचं बोलणं बोबडं झालेलं, तरी शब्द कळत होते. भाताची शितं गालावरून ओघळत होती. म्हणाला, "डाव्यानं भरव रं. डावा हाय ना तुला. चालंल मना. डाव्यानं भरव."

दादानं ताटातला भात गोळा केला, अंगठ्यानं दाबला, हात वर आणला. आवाज अगदी मऊ, देवळात बोलतात तसा.

"डाव्या हातानं बापसाला घास देत नाय, बाबा," म्हणाला. "आ कर."